काचेच्या कपाटातला सिनेमा : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात आमच्या ग्रंथालयात पुण्यातल्या जुन्या थिएटरांवर एक छोटं प्रदर्शन लावलं होतं. जागा म्हणाल तर जिन्याखालची तीन काचेची कपाटं आणि शेजारी एक लांब टेबल, बस. आमच्याकडे फक्त सिनेमा आणि टीव्हीबद्दलची पुस्तकं, मासिकं, कात्रणं, गाण्यांच्या चोपड्या असतात आणि दर दोन महिन्यांनी एक विषय घेऊन त्यातलं थोडं बाहेर मांडायचं अशी पद्धत आहे. ह्या वेळी त्यावरून इतकी पत्रं नि मेसेज आले की सदराची अख्खी जागा त्यालाच देतेय.

ताई, मुलाला घेऊन मुद्दाम आलो होतो, वाटलं जुना कॅमेरा, प्रोजेक्टर काहीतरी बघायला मिळेल. तर सगळे कागदच! सिनेमाचं प्रदर्शन आणि त्यात सिनेमाच नाही, असं का?
– एक वाचक, कोथरूड

मुलगा हिरमुसला हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. त्याला आधी एफटीआयआयला, म्हणजे पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटला घेऊन जा, तिथे आवारात प्रभात फिल्म कंपनीच्या वस्तूंचं म्युझियम आहे, फक्त कधी उघडं असतं ते फोन करून विचारा आणि मगच निघा. ती जागाच मुळात प्रभातची. कंपनी १९२९ ला कोल्हापुरात निघाली, १९३३ ला पुण्यात आली आणि त्याच स्टुडिओत १९६० ला इन्स्टिट्यूट सुरू झाली, म्हणजे मुलगा ज्या फरशीवर उभा राहील तिथेच कुठेतरी संत तुकाराम सिनेमाचं शूटिंग झालेलं असेल, हे त्याला नक्की सांगा.

आता कागदांचं. आलम आरा हा आपला पहिला बोलपट, १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि आज त्याची एकही प्रिंट कुठेही नाही. सिनेमा गेला. राहिलं काय, तर फोटो, जाहिराती, पेपरातले मजकूर. मूकपटांची अवस्था तर ह्याहून वाईट आहे, हजाराच्या वर बनले आणि हातावर मोजता येतील एवढेच धड उरले. त्या वेळची फिल्म नायट्रेटची, ती भराभर पेटते आणि नाही पेटली तरी आपोआप कुजत जाते, शिवाय त्यातली चांदी काढून घ्यायला लोक जुनी रिळं विकून टाकायचे. त्यामुळे त्या काळापुरता कागद हाच सिनेमा आहे, निदान मी तरी तसंच मानते.

आणि म्युझियमच्या आणि ग्रंथालयाच्या प्रदर्शनात एक मोठा फरक आहे, तो आमच्याकडून नीट सांगितला जात नाही ही आमची चूक. म्युझियममध्ये वस्तू बघून पुढे जायचं असतं. आमच्याकडे जे कपाटात दिसतं ते मागे शेल्फवर आहे आणि तुम्ही मागून वाचू शकता! थिएटरांच्या प्रदर्शनात इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीच्या १९२८ च्या रिपोर्टचं एक पान उघडून ठेवलं होतं, रंगाचारियर अध्यक्ष होते ती कमिटी. त्यांनी देशभर फिरून थिएटरवाल्यांना, निर्मात्यांना, मास्तरांना, पुढाऱ्यांना प्रश्न विचारले, दादासाहेब फाळक्यांचीसुद्धा साक्ष घेतली आणि ती सगळी प्रश्नोत्तरं छापली. ते खंड टेबलावर खुणेच्या पट्ट्या घालून ठेवले होते. पहिल्या आठवड्यात एक आजोबा उभ्या उभ्या वाचायला लागले आणि दोन तासांनी खुर्ची मागितली. मला प्रदर्शनातून हेच हवं असतं.

जगभरात अशी ग्रंथालयं आहेत. लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं रुबेन लायब्ररी साउथबँकला आहे, तिथे कुणीही फुकट जाऊन बसू शकतं. बेव्हर्ली हिल्सला ऑस्करवाल्या अकॅडमीचं मार्गारेट हेरिक लायब्ररी आहे, जुन्या वॉटरवर्क्सच्या इमारतीत, आणि नाव कुणा स्टारचं नाही तर तिथल्याच ग्रंथपाल बाईंचं दिलंय, हे मला फार आवडतं. आणि आपल्या पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहेच, १९६४ पासून. तिथेही पुस्तकं, पोस्टर, चोपड्या, स्क्रिप्ट असं प्रचंड आहे. पुण्यात राहून तिथे कधीच न गेलेली माणसं भेटतात तेव्हा मला चुटपुट लागते.

आजोबांच्या ट्रंकेत सिनेमाच्या गाण्यांच्या साठ-सत्तर चोपड्या सापडल्यात. काही फाटल्यात. भाऊ म्हणतो लॅमिनेट करून टाकू म्हणजे टिकतील. करू का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

नका करू! प्लीज आजच भावाला थांबवा. लॅमिनेशनमध्ये गरम प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं, ते परत काढता येत नाही आणि आत कागद पिवळा पडायचा तो पडतोच. सेलोटेपही नको, आठ-दहा वर्षांनी टेप सुटते आणि तिचा तपकिरी डाग मात्र कागदात राहतो. आमच्याकडे अशा कितीतरी चोपड्या आल्यात, कुणीतरी प्रेमाने चिकटवलेल्या, आणि नेमकं नटाचं नाव टेपखाली गेलेलं.

करायचं ते एवढंच. हात धुऊन कोरडे करा, मऊ ब्रशने धूळ झाडा, मधल्या स्टेपलच्या पिना गंजल्या असतील तर त्या हळूच सरळ करून काढा, ओढू नका. मग प्रत्येक चोपडी ॲसिड-फ्री कागदाच्या पाकिटात घाला, तो कागद चित्रकलेच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत मिळतो, नाही मिळाला तर तात्पुरता स्वच्छ पांढरा जाड कागद चालेल पण वर्तमानपत्र अजिबात नको, त्याचं आम्ल चोपडीत उतरतं. आडव्या ठेवा, उभ्या नको. पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर आणि बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, ओल येते, आणि ओल आली की कसर आलीच. डांबरगोळ्या थेट कागदावर टाकू नका, हवं तर वेखंडाची पुरचुंडी कपड्यात बांधून कोपऱ्यात ठेवा, आपल्या आज्या पोथ्यांना ठेवायच्या तशी.

आणि ह्या सगळ्याच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, शेवटच्या पानासकट. लोक मुखपृष्ठाचाच फोटो काढतात, हिरो-हिरॉईनचा चेहरा असतो ना, पण खरा माल मागच्या पानावर असतो. प्रेसचं नाव, पत्ता, किंमत, कधी पुढच्या सिनेमाची जाहिरात. आतमध्ये कथेचा सारांश असतो, तो बहुतेक वेळा "पुढे काय झालं ते पडद्यावर पाहा" अशा थाटात तोडलेला, आणि एकाच चोपडीत मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी अशा तीन-तीन चार-चार लिपी. ज्या सिनेमाची प्रिंट नाही त्याची गोष्ट, गाणी, गायक, नट हे सगळं आज कितीदा फक्त ह्या आठ-दहा पानांतूनच कळतं. ह्या चोपड्या थिएटरच्या दारात आण्या-दोन आण्याला विकायचे आणि घरी नेऊन लोक पाठ करायचे. तुमच्या आजोबांनी कुठे पेन्सिलीने खुणा केल्या असतील, तारीख टाकली असेल, "आईबरोबर पाहिला" असं काही लिहिलं असेल तर ते खोडू नका हं, ते छापील मजकुराइतकंच मोलाचं आहे.

द्यायच्या असतील तर कुठेही द्या, पण लेखी पोच घ्या आणि यादी करूनच द्या.

तुमच्या एका जुन्या प्रदर्शनात "राजा हरिश्चंद्र, १९१३, उपलब्ध भाग" अशी चिठ्ठी होती. हे चूक आहे. दुरुस्त करणार का?
– एक वाचक, डेक्कन जिमखाना

केली. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी आमच्या नोंदवहीत आणि कार्डावर दुरुस्ती घातली, आणि जाहीरपणे इथेही लिहिते कारण ती चिठ्ठी शंभर लोकांनी तरी वाचली असेल.

बाकीच्या वाचकांसाठी सांगते. फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. पुढे १९१७ ला त्यांनी तीच गोष्ट पुन्हा चित्रित केली. आज जे उपलब्ध आहे ते पहिलं आणि शेवटचं रीळ, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर सरांनी खटपट करून तिथे आणलेलं, आणि बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की ते १९१७ च्या आवृत्तीचं आहे. आपण टीव्हीवर, यूट्यूबवर "भारताचा पहिला चित्रपट" म्हणून जे बघतो ते बहुधा चार वर्षांनंतरचं आहे. मी चिठ्ठी लिहिताना एका पुस्तकावरून उतरवली, दुसरं उघडून बघितलं नाही. आता आमच्याकडे नियम केलाय की चिठ्ठीवरची प्रत्येक तारीख दोन ठिकाणी तपासायची आणि कुठून घेतली ते मागे पेन्सिलीने लिहायचं.

तारामतीचं काम अण्णा साळुंके ह्या पुरुषाने केलं हे त्या चिठ्ठीवर बरोबर होतं. पण शेजारी एक ओळ राहून गेली होती ती आता घातलीय, की त्याच १९१३ सालच्या मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई अशा दोघीजणी पडद्यावर आल्या. आणि सरस्वतीबाई फाळके अंधारात फिल्मला भोकं पाडत बसायच्या हेही घालायला हवं होतं.

मॅडम, शाळेच्या लायब्ररीत टीव्हीच्या इतिहासावर छोटं प्रदर्शन करायचंय, सातवी-आठवीची मुलं. बजेट जवळजवळ नाही. काय काय ठेवू?
– एक शिक्षिका, हडपसर

बाई, विषय फार सुंदर निवडलात आणि अवघडही. सिनेमाचं निदान पोस्टर असतं, टीव्हीचं हातात धरता येईल असं फार कमी उरतं. जुने कार्यक्रमसुद्धा पुष्कळ गेले, कारण टेप महाग असायची, एक कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर दुसरा रेकॉर्ड करायचे, जगभर हेच झालं. आमच्या पिढीला गजरा हा कार्यक्रम आठवतो, प्रभावळकरांचा चिमणराव आठवतो, पण आठवतो त्यातलं किती आज बघायला मिळतं?

म्हणून मी म्हणेन की मुलांना घरी पाठवा. प्रत्येकाने आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारायचे. पहिल्यांदा टीव्ही कुठे पाहिला, कुणाचा होता, त्या दिवशी काय लागलं होतं. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून आणायची, सुधारायची नाहीत. तुम्हाला वाड्यातल्या एकाच टीव्हीसमोर बसलेली चाळीस माणसं मिळतील, शनिवारचा मराठी सिनेमा मिळेल, गच्चीवर ॲन्टेना फिरवणारा मामा आणि खालून "आलं, आलं, गेलं!" ओरडणारी भावंडं मिळतील, रविवारी सकाळी रामायणाच्या वेळी रिकामा पडलेला लक्ष्मी रोड मिळेल. हीच तुमची मुख्य भिंत.

त्याला कणा म्हणून तारखांची एक दोरी बांधा, कपडे वाळत घालतो तशी, आणि चिमट्याने कागद लावा. १५ सप्टेंबर १९५९ दिल्लीत प्रायोगिक सुरुवात. २ ऑक्टोबर १९७२ मुंबई केंद्र. पुढच्या वर्षी पुण्यात सिंहगडावरच्या टॉवरमुळे चित्र दिसायला लागलं, हे मुलांना फार आवडेल कारण तो टॉवर त्यांनी ट्रेकला जाताना पाहिलेला असतो. १९७५-७६ चा साइटचा (सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट) प्रयोग, अमेरिकेचा उपग्रह एक वर्ष वापरायला घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत शेती-आरोग्याचे कार्यक्रम पोचवले, ह्यावर तर विज्ञानाच्या बाईंना सोबत घेऊन अख्खा तास होईल. १९८२ ला रंग आला, एशियाडच्या वर्षी. ७ जुलै १९८४ हम लोग, २५ जानेवारी १९८७ रामायण.

वस्तू मागवायच्या तर जुनं टीव्ही लायसन्स मागवा, हो, टीव्ही ठेवायला पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं, मुलांचा विश्वासच बसत नाही. शटरवाल्या लाकडी टीव्हीचा घरगुती फोटो, स्टॅबिलायझर, व्हीएचएसची कॅसेट. शाळेत जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली असतील तर "आजचे कार्यक्रम" ह्या चौकटीची झेरॉक्स काढून मोठी करून लावा आणि मुलांना विचारा की ह्यातलं तू काय बघितलं असतंस. संध्याकाळचे मोजकेच तास आणि एकच चॅनल, ह्याचा अर्थ त्या चौकटीकडे बघून जेवढा कळतो तेवढा माझ्या भाषणाने कळणार नाही.

आणि शेजारी टेबलावर पुस्तकं ठेवा बाई, दोन का असेनात, पण मुलाला उचलून वाचता येतील अशी.

प्रदर्शनात फोटो का काढू देत नाही?
– एक विद्यार्थी, कर्वेनगर

देतो की, फक्त फ्लॅश नको. जुन्या कागदाला उजेडच बाधतो, आणि गेलेला रंग परत येत नाही. अशा कागदांसाठी म्युझियममध्ये साधारण ५० लक्स एवढाच उजेड ठेवतात, म्हणून आमच्याकडे मंद वाटतं. पोस्टर दोन महिन्यांच्या वर बाहेर ठेवत नाही, आणि फार नाजूक असेल तर रंगीत झेरॉक्स लावून तसं खाली स्पष्ट लिहितो.

वडिलांनी काढलेली जुनी रिळं आहेत, डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटही आहेत. टाकून देऊ का?
– एक वाचक, चिंचवड

टाकू नका, पण उशीरही करू नका. तो वास म्हणजे ॲसिटेट फिल्म विघटन पावतेय, एकदा सुरू झालं की थांबत नाही, फक्त मंद करता येतं. वास येणारे डबे बाकीच्यांपासून लगेच वेगळे करा, कारण ती वाफ शेजारच्या रिळांनाही खराब करते. थंड, कोरड्या, हवा खेळती राहील अशा जागी ठेवा आणि लवकरात लवकर स्कॅन करून घ्या. प्रोजेक्टरवर चढवून बघायचा मोह आवरा, आकसलेली फिल्म तुटते. घरच्या छोट्या रिळांना नायट्रेटची भीती जवळजवळ नसते. पण कुणाकडे १९५० च्या आसपासची किंवा आधीची ३५ एमएमची रिळं असतील तर ती घरात ठेवू नका, संग्रहालयाला कळवा. पुण्याने जानेवारी २००३ मध्ये नायट्रेटची आग बघितलीय, शेकडो सिनेमांची रिळं गेली. त्याबद्दल लिहिताना अजूनही हात जड होतो.

कॅसेटमध्ये पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते.

लायब्ररी सायन्स करतेय, प्रोजेक्टला थीम डिस्प्ले घेतलाय. "मराठी चित्रपटातील स्त्रिया" हा विषय कसा वाटतो?
– एक विद्यार्थिनी, शिवाजीनगर

मोठा आहे गं. एवढ्या मोठ्या विषयात शेवटी वीस फोटो आणि वीस नावं होतात आणि बघणारा पहिल्या पाचांनंतर पुढे सरकतो. मी विषय निवडताना त्याचा प्रश्न करून बघते. "स्त्रिया" नको, "पगार आणि काँट्रॅक्टबद्दल नट्यांनी काय केलं?" असं घे. मग तुला शांता आपटे सापडतील, १९३९ ला ह्याच पुण्यात प्रभातच्या दारात कंपनीशी झालेल्या वादावरून उपोषणाला बसलेल्या, आणि लगेच १९४० ला "जाऊ मी सिनेमात?" हे पुस्तक लिहिणाऱ्या. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना ह्या धंद्यात आत काय चालतं ते त्यांनी उघड सांगितलं. एक बातमी, एक पुस्तक, त्यांच्या सिनेमांची एक चोपडी, त्या काळच्या मासिकातलं एक पान, एवढ्यावर पहिलं कपाट उभं राहतं आणि बघणारा थांबतो, कारण त्याला पुढे काय झालं ते हवं असतं.

तीन कपाटांना मिळून वीस-पंचवीस वस्तू पुरे. चिठ्ठी चाळीस शब्दांच्या आत, मोठ्या टाइपात, डोळ्यांच्या उंचीवर, आणि खाली शेल्फचा नंबर. तो नंबर विसरू नकोस, तोच तुझ्या गाइडना दाखव. आणि प्रदर्शन संपल्यावर त्या नंबरची पुस्तकं किती जणांनी मागितली ते रजिस्टरमधून मोज, प्रोजेक्टचा निष्कर्ष तिथे आहे, अभिप्रायाच्या वहीत नाही.

जुन्या पुस्तकात सिनेमाच्या तिकिटाचा अर्धा तुकडा सापडला. थिएटरचं नाव "..भात" एवढंच दिसतं. तारीख नाही. कधीचं असेल, कळू शकतं का?
– एक वाचक, नारायण पेठ

"..भात" म्हणजे आपलं प्रभातच असणार, १९३४ ला सुरू झालेलं, जागा किबे लक्ष्मी थिएटरची आणि अलीकडे नावही पुन्हा तेच झालेलं. आता किंमत बघा. आण्यात असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं किंवा त्याच सुमाराचं. "नये पैसे" किंवा "न. पै." असेल तर फार छान, कारण हा शब्द १९५७ ते १९६४ एवढीच वर्षं चालला, पुढे नुसते पैसे झाले. तिकीट आणि करमणूक कर वेगळा छापलाय का तेही बघा, तो कर मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्यापासून होता, २०१७ ला जीएसटी आल्यावर गेला, त्यामुळे एकट्या त्यावरून साल ठरत नाही, पण किंमत आणि कर ह्यांची बेरीज दुसऱ्या तारखेच्या तिकिटाशी जुळवता येते. मागे प्रेसचा पत्ता असेल आणि त्यात पिनकोड असेल तर १९७२ नंतरचं, नुसतं "पुणे २" असेल तर बहुतेक त्याआधीचं.

आणि ज्या पुस्तकात सापडलं ते कुठलं, कितव्या पानावर, हे आधी लिहून ठेवा. मग दोन्ही घेऊन या, सोमवार सोडून कधीही. आमच्याकडे प्रभातची आठ तिकिटं आहेत, टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघू.